स्लॅब टाकायला सांगितलं कोणी होतं?

आम्ही नागपुरात, घर वेंगुर्ल्याजवळ, आणि ठेकेदारानं आम्हाला एक शब्द न विचारता मागच्या पडवीवर सळ्या बांधून स्लॅब ओतून टाकला. फोटो पाठवला तोही ओतून झाल्यावर! वरून म्हणतो, "साहेब, कौलांची कटकट कशाला? गच्ची झाली, तुमचाच फायदा."

अरे, गच्ची मागितली कोणी?

नकाशावर लिहून दिलं होतं: चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, वर वासे, रीपा, मंगलोरी कौलं. नागपुरात वर्षाला ११०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिकडे ३,००० च्या आसपास, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. छपराला उतार देऊन वळचण भिंतीच्या पुढे काढतात ती हौस म्हणून नाही, वाऱ्यासोबत येणारी झड भिंतीवर बसू नये म्हणून. हे त्या गावच्या माणसाला आम्ही विदर्भातून सांगायचं?

समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये झिरपतं, सळईला गंज चढतो, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडत सुटतो. आधी भेगा, मग पोपडे, मग उघड्या सळ्या. रेती कुठली वापरली विचारलं. "खाडीची, पण धुतलेली." धुतली कशानं? शेजारच्या विहिरीच्या पाण्यानं. ते पाणी मचूळ आहे, हे साऱ्या वाडीला माहीत आहे! म्हणजे बाहेरून मीठ यायची वाटसुद्धा पाहायची नाही, पहिल्याच दिवसापासून आत कालवून ठेवलं.

हे घर आम्ही हातानं उभं करतोय. नागपुरातल्या महाल भागातलं आमचं जुनं घर पाडलं तेव्हा त्याचे सागवानी दरवाजे बाबांनी विकू दिले नाहीत. स्वतः रंधा मारला, बिजागऱ्या बदलल्या आणि ट्रकनं तिकडे धाडले. भाऊ आणि वहिनी सुट्ट्या टाकून चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, भरायला जातात. चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, तासता येतो, मग हवेनं टणक होत जातो. तो कसा तासायचा हे वहिनी तिथल्या म्हाताऱ्या गवंड्याजवळ बसून शिकली. तो गवंडी ठेकेदाराला "स्लॅब नको" म्हणत होता म्हणे. त्याचं ऐकलं नाही, कारण तो रोजावरचा माणूस!

आणि इकडची आमची मंडळी. "बरं झालं ना बापा, स्लॅब पक्का असते." काहून पक्का? इथल्या कोरड्या उन्हावरून तिथली हवा ठरवता? मामा तर तिकडे न्यायला कूलर घेऊन देतो म्हणतात. मामा, माया कळते, पण त्या दमट हवेत पाणीच वाळत नाही, कूलर थंडावा देणार कुठून?

ठेकेदाराला सांगून टाकलंय: स्लॅब तोडायचा, तोडायची मजुरी त्याची, मलबा उचलायचा त्यानंच. पुढचा हप्ता थांबवलाय. मिरगाच्या, म्हणजे जूनमधल्या पहिल्या पावसाच्या, आत पडवीवर वासे चढले पाहिजेत, आणि छपराचं काम त्या गवंड्याच्या देखरेखीखाली होईल, त्याला रोज आम्ही देऊ. मान्य नसेल तर आजपर्यंतचा हिशोब करून मोकळं व्हायचं.