"बर्डीवर लूट" या रिव्ह्यूला नागपूरच्या सीताबर्डीवरच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार दिला आणि लिहिलं, "सहा लॅन कार्डांचे 14,400 घेतले. ऑनलाइन गिगाबिट कार्ड 550 ला मिळतं. एवढं करूनही फाईल आधीइतक्याच वेळात कॉपी होते. बर्डीवर लूट चालू आहे." वाचून चैन पडलं नाही, म्हणून काल फोन करून तुमच्या गांधीबागच्या ऑफिसात येऊन गेलो. जे निघालं ते तुमच्यासमोरच निघालं, पण रिव्ह्यू सगळ्यांनी वाचला, तर उत्तरही इथेच देतो.

आधी फाईलचं. डिझाइनच्या टेबलामागचा भिंतीवरचा डबा उघडला तर नेटवर्कच्या केबलमधल्या आठ तारांपैकी चारच पंच केलेल्या, नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी जोडी बाजूला काढून शेजारच्या बिलिंगच्या मशीनला दिलेली. दुसऱ्या डब्यातही तेच. एका केबलवर दोन कॉम्प्युटर चालवायची ही जुनी युक्ती. 100 एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, चारही जोड्या लागतात. अशा केबलवर 550 चं कार्ड लावा नाहीतर 2,400 चं, वेग 100 वरच अडकणार, म्हणजे सेकंदाला जेमतेम 11 एमबी. तुमची 4 जीबीची फ्लेक्सची फाईल सहा मिनिटं घेणारच. मी सोबत आणलेली कॅट 5ई (गिगाबिटला चालणारी) केबल फरशीवरून थेट स्विचला, म्हणजे सगळ्या मशीनच्या केबल जिथे जोडतात त्या यंत्राला, जोडली, तर तीच फाईल चाळीस सेकंदांच्या आसपास गेली. घड्याळ तुम्हीच लावलं होतं.

कार्ड विकायच्या आधी ही केबल मी पाहायला हवी होती. ती चूक माझी, आणि त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

दुसरी चूक जास्त लागली मला. तुम्ही म्हणालात "चांगलं द्या", आणि मी सहाही कार्डं इंटेल आय210 ची काढली. कोणतं मशीन काय काम करतं, विचारलंच नाही. तुम्ही फोटो दाखवलेल्या 550 च्या कार्डावर रिअलटेकची 8111 चिप आहे. कितीतरी मदरबोर्डवर तीच बसवलेली येते, आणि एका माणसाने सर्व्हरवरून एक फाईल ओढायची तर तिच्यात आणि आय210 मध्ये तुम्हाला फरक दिसणार नाही. रिअलटेकचं नाव खराब झालं ते जुन्या 8139 मुळे. त्या कार्डात आलेलं प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, प्रोसेसरला उचलून दुसरीकडे ठेवावं लागे. ती कार्डं मीही भरपूर विकली आणि तक्रारीही ऐकल्या. तेव्हाची अढी मनात राहिली आणि तिचे पैसे तुम्हाला भरावे लागले.

पण दोन मशीनवरची महागडी कार्डं काढू नका, आतल्या खोलीतला सर्व्हर आणि प्रिंटरचं रिपचं मशीन (फाईल छपाईजोगी करून प्रिंटरला देणारं). सर्व्हरवर चौघं एकदम फाईल ओढतात. आय210 मध्ये पाठवायच्या चार आणि घ्यायच्या चार रांगा आहेत, त्यामुळे ते काम प्रोसेसरच्या वेगवेगळ्या कोअरमध्ये वाटता येतं. शिवाय ते कार्ड अडखळलं तर एक माणूस थांबत नाही, सगळं ऑफिस थांबतं.

"लूट" या शब्दाबद्दल एवढंच, की एका कार्डामागे मला 210 रुपये उरतात. खरेदीचं बिल दुकानात या, दाखवतो. आणि इंटेलचं म्हणून कुणी नवं कार्ड फारच स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, नकली कार्डं बाजारात आहेत.

बाकीची चार कार्डं मी परत घेतो, पॅकिंग फाटलेलं असलं तरी. त्यांचे 9,600 होतात. त्यांच्या जागी रिअलटेकची चार कार्डं 650 प्रमाणे लावून देतो, तुम्ही बाहेरून आणली तरी चालतील. माझ्याकडून घेतली तर 7,000 तुमच्या खात्यात परत येतील. रविवारी सकाळी मुलाला घेऊन येतो आणि दोन नव्या केबल ओढतो. केबलचे पैसे मीटरप्रमाणे, मजुरी नाही. स्विच मात्र बदलू नका, तो आधीच गिगाबिटचा आहे.