यंत्रानं ‘साडेसात’ म्हणावं

आईच्या बँकेच्या फोनवर गेल्या वर्षी मराठीचा पर्याय आला. तिनं हौसेनं तो निवडला आणि आठवडाभरात परत हिंदीवर गेली. ‘‘अगं, ती बाई काय म्हणते ते कळतच नाही.’’ आईनं कराडच्या शाळेत उभी हयात मराठी शिकवलं आहे.

सुट्टीत गेले तेव्हा मी स्वतः ऐकलं. ‘‘आपल्या खात्यातील उपलब्ध शिल्लक जाणून घेण्याकरिता कृपया एक दाबा.’’ व्याकरणात चूक नाही. पण काउंटरवरची मुलगी म्हणेल, ‘‘शिल्लक बघायचीय? एक दाबा.’’ ती दीड हजार म्हणेल, ‘एक हजार पाचशे’ नाही. शाखा साडेनऊला उघडते म्हणेल, ‘नऊ वाजून तीस मिनिटांनी’ नाही. सव्वा, दीड, पावणेदोन यांतच आपण वेळ आणि पैसे मोजतो. इंग्रजी मजकुराच्या भाषांतरातून नेमके हेच शब्द गळतात.

महाराष्ट्रात वाद चालतो तो मराठीचा पर्याय आहे की नाही यावर. तो हवाच. पण तो मिळाला की आपण थांबतो आणि आईसारखी माणसं गुपचूप हिंदीचं बटण दाबतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मी न्यू जर्सीत मेट्रोपार्क स्टेशनजवळ राहते. ॲमट्रॅक रेल्वेच्या फोनवर २००१ साली ‘ज्यूली’ आली. आवाज खऱ्या बाईचा, वाक्यं आधी ध्वनिमुद्रित केलेली. मी ज्यूली, ॲमट्रॅकची स्वयंचलित प्रतिनिधी, अशी ती आधीच ओळख द्यायची. तुमचं बोलणं नीट कळलं नाही, तर ‘तुम्ही अमुक म्हणालात ना?’ असं विचारून घ्यायची. इथे नवी असताना माझ्या उच्चारांची मला धास्ती वाटे, तेव्हा त्या विचारण्यानं फार धीर यायचा.

माणसासारखं बोलण्याची दुसरी वाटही मी इथेच पाहिली. मे २०१८ मध्ये गूगलनं ड्युप्लेक्स हे फोनवर बोलणारं यंत्र दाखवलं. यंत्रानं सलूनला फोन करून वेळ ठरवली. मध्ये ‘अं’ आणि ‘म्म्-हं’ असे आवाजही काढले. पलीकडच्या बाईला आपण यंत्राशी बोलतोय याचा पत्ताच नव्हता. टीका झाली, तेव्हा यंत्र स्वतःची ओळख देईल असं कंपनीनं सांगितलं. विक्री आणि मतदान यांपुरता का होईना, यंत्रानं ओळख लपवून लोकांना फसवू नये असा कायदा कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून लागू झाला.

मला तो ‘हं’ खटकत नाही. आई बोलताना अडखळते, ‘‘ते… मागच्या महिन्यातलं… थांबा हं, चष्मा घेते.’’ दोन माणसांच्या बोलण्यात प्रश्न आणि उत्तर यांमध्ये साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो, असं दहा भाषांच्या एका अभ्यासात २००९ साली दिसलं होतं. आईला त्याहून बराच वेळ लागतो. यंत्र तेवढ्यात म्हणतं, ‘‘क्षमा करा, आपला प्रतिसाद समजला नाही.’’ चांगली ऑपरेटर नुसतं ‘‘हं, बोला’’ म्हणते आणि थांबते. यंत्र खरंच थांबून ऐकत असेल तर त्यानं खुशाल ‘हं’ म्हणावं. ऐकत नसेल तर तो हुंकार खोटा आहे.

मराठीत ओळख देणं तर जास्तच गरजेचं आहे. इंग्रजीत यंत्राला बाई की पुरुष हे क्रियापदातून सांगावं लागत नाही. आपल्याकडे ‘बघून सांगते’ म्हटलं की समोर एक बाई उभी राहते. आई तिला ‘‘बाळा, जेवलीस का?’’ विचारेल. त्याआधी तिला खरं कळलं पाहिजे.

टेलिफोन खात्याच्या १९७ या चौकशी क्रमांकावर लोकांचे फोन नंबर सांगणाऱ्या बायका मला आठवतात. आकडे दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत सांगायच्या, शेवटच्या आकड्याला आवाज खाली आणायच्या, मग ‘‘घेतलात लिहून?’’ म्हणायच्या. जुन्या यंत्रांत प्रत्येक आकडा एकाच सुरात भरलेला असे, म्हणून नंबर संपला की नाही तेच कळत नसे. त्या बायका आता निवृत्त झाल्या असतील. बँकांनी आणि सरकारी खात्यांनी मराठी मजकूर ध्वनिमुद्रणाला पाठवण्याआधी त्यांना बोलावावं, चांगलं मानधन द्यावं, कागद त्यांच्या हातात ठेवून म्हणावं, ‘‘हे तुम्ही फोनवर कसं सांगाल?’’