हिंग, अस्वल आणि आम्ही सहा जण

निसर्गाच्या कुशीत दोन दिवस मोकळं राहायचं असेल, तर कॅलिफोर्नियात त्याची सुरुवात पाच महिने आधी, महिन्याच्या 15 तारखेला, सकाळी 7 च्या ठोक्याला करावी लागते. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या दरीतल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडच्या पुढच्या एका महिन्याच्या जागा त्या क्षणी खुल्या होतात. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार चहा गाळून होईपर्यंत संपलेले असतात. तत्काळच्या तिकिटांवर वाढलेल्या माणसाला याचं काय अप्रूप? मी लॅपटॉपवर, बायको फोनवर, लेक टॅबवर, अशी फळी लावून आम्ही जागा पटकावली.

एका जागेत माणसं जास्तीत जास्त सहा, पोरंटोरं धरून. आम्ही चौघं आणि साताऱ्याहून आलेले आई-बाबा. हिशेब जुळला. आईचा मात्र जुळेना.

"रात्रीचे 36 डॉलर म्हणजे तीनेक हजार झाले की! तंबू तरी त्यांचा ना?"

"नाही, आपला."

"मग ते काय देतात?"

"जागा. लाकडी टेबल. शेकोटीचं कडं."

"अंघोळीचं?"

"तिथे नाही."

"मग जमीन देतात म्हण."

खरा घोळ अस्वलांमुळे झाला. योसेमिटीत काळी अस्वलं आहेत (नावालाच काळी, बरीचशी तपकिरी), आणि त्यांचं नाक भलतंच तिखट. म्हणून प्रत्येक जागेवर एक लोखंडी लॉकर असतो: 33 इंच खोल, 45 इंच रुंद, 18 इंच उंच. वास येणारी प्रत्येक वस्तू त्यात गेली पाहिजे. नुसतं खाणं नव्हे. साबण, टूथपेस्ट, सनस्क्रीनसुद्धा. हा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टूथपेस्ट होती. त्याने हिंगाची डबी कधी उघडून पाहिली नसावी.

बायकोने हॉलमध्ये जमिनीवर पट्टी चिकटवून लॉकरचा चौकोन आखला आणि सामान रचायला घेतलं. आधी बर्फाची पेटी. तिनेच निम्मी जागा खाल्ली. मग गोडा मसाला, लसणाची चटणी, मेतकूट, तूप, थालीपिठाची भाजणी, दशम्या आणि बेसनाच्या लाडवांचा डबा. रचलेला मनोरा 18 इंचांच्या वर गेला की आई तो हाताने दाबून बघायची. भाजणी काढू म्हटलं तर आईचा चेहरा उतरे, पास्ता काढू म्हटलं तर मुलांचा. शेवटी माझं दाढीचं सामान निघालं. त्याला कोणी वालीच नव्हता.

"अमृतांजन पण लॉकरमध्ये?" बाबांनी विचारलं.

"वास येतो ना बाबा."

"आणि मी डोक्याला तेल लावून झोपते, त्याचं काय?" आई म्हणाली. "मलाही आत ठेवणार का?"

नियमांत याचं उत्तर सापडलं नाही.

रात्री खाणं गाडीत ठेवायचीही सोय नाही. अस्वल दाराची चौकट वाकवून आत शिरतं. योसेमिटीतल्या 2001 ते 2007 या काळातल्या फोडलेल्या गाड्यांचा अभ्यासकांनी हिशेब मांडला, तर तिथे येणाऱ्या गाड्यांत मिनिव्हॅन थोड्या, पण फुटलेल्यांत भरपूर. त्यांनी सुचवलेल्या कारणांपैकी एक असं, की मिनिव्हॅनमधून लहान मुलं फिरतात आणि सीटखाली खाऊ सांडतात. आमची गाडी मिनिव्हॅन. मागची सीट उचलली तर चिवडा, शेंगदाणे, चुरमुरे आणि कोणे एके काळी चकली असावी असं काहीतरी. मी ते व्हॅक्यूमने ओढत असताना चिरंजीव केळं खात मागे बसून मार्गदर्शन करत होते.

बाकीचे नियम झटपट उरकले. लाकडं लांबून न्यायची नाहीत, त्यांतून झाडांना कीड जाते. दरीत गोळाही करायची नाहीत, म्हणजे तिथेच विकत घ्यायची. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता. हा नियम मी मोठ्याने वाचला तेव्हा सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी खिडकीबाहेर.

आईला आवडला तो एकच नियम: लॉकर दिवसासुद्धा कडी घालून बंद ठेवायचा. तिने माझ्या फोनवर लॉकरचा फोटो मोठा करकरून पाहिला. कडी आतल्या बाजूला असते, अस्वलाचा पंजा तिथवर पोचत नाही, असं मी समजावून सांगितलं. बाबांची साखर गेली काही वर्षं जास्त आहे आणि आमच्याकडे लाडू आपोआप कमी होतात, हे इथे सांगायला हवं.

"अस्वलाला उघडता येत नाही, ते कळलं," आई म्हणाली. "ह्यांना येतं का?"