पाहुण्यांना घुमट वाजवायला शिकवलं ते आमच्या मुलाने

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं आमचं हायस्कूल आणि जर्मनीतल्या बव्हेरियाची एक शाळा यांची जोडी जमली आहे. गेल्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी तिथली अकरा मुलं दोन आठवडे आमच्याकडे राहिली. सोळा-सतरा वर्षांची, कष्टाळू, गुणी मुलं. ‘स्वयंसेवा’ करायला आली होती, आणि मला बोलायचंय ते याच शब्दाबद्दल.

काम तिकडूनच ठरून आलं होतं. सकाळी शेजारच्या प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायचं, दुपारी आमची भिंत रंगवायची. भर श्रावणात! पावसात भिंत रंग धरत नाही, असं शिपाईकाका पहिल्याच दिवशी म्हणाले होते. पण पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून आम्ही शिक्षक गप्प बसलो. चौथ्या दिवशी पापुद्रे सुटले. दिवाळीनंतर गावातल्या पेंटरकडून सगळी भिंत खरवडून घ्यावी लागली. इंग्रजीचंही तसंच झालं. दुसरीच्या मुलाला वाचायला लावणं हे वर्षभराचं काम आहे, त्याला रोजची बाई लागते. पाहुणी ताई गेल्यावर ती चिमुरडी आठवडाभर दाराकडे बघत बसली होती. ते मला अजून खुपतं.

दुसऱ्या आठवड्यात शाळेत माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफळा-पानांची चौकट, बांधायला घेतली आणि सगळं पालटलं. आमची नववीची मुलं पाहुण्यांना रानात घेऊन गेली. घागऱ्यांच्या रानशेंगा कुठे मिळतात, आंबाडे कसे उतरवायचे, काय नुसतं बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे सगळं त्यांनीच सांगितलं.

आणि घुमट, आमचं मातीच्या घटाचं वाद्य! वर्गात कधी तोंड न उघडणारा आठवीतला एक मुलगा पुढे आला. मोठ्या तोंडावरच्या कातड्यावर एका हाताने थाप मारायची, मागचं लहान तोंड दुसऱ्या तळव्याने झाकायचं-उघडायचं, की आवाज घुमतो, हे त्याने करून दाखवलं. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, आता बकऱ्याचं लावतात, हेही सांगितलं. मराठी, कोंकणी आणि तुटक इंग्रजी, तिन्ही एकत्र. शेवटच्या संध्याकाळी दोन जर्मन मुली शामेळ या काठ्यांनी वाजवायच्या तालवाद्याच्या जोडीने आरतीला घुमट वाजवत होत्या. शिकवणारा कोण आणि शिकणारं कोण, हे त्या दिवशी बरोबर लागलं.

आता दुसरी बाजू. भारताच्या ई-पर्यटक व्हिसावर महिनाभरापर्यंत बिनमोबदला स्वयंसेवा करता येते. आमच्या मुलाला तिकडे जायचं तर बोटांचे ठसे, पालकांच्या बँकेचे हिशेब, तीस हजार युरोचा आरोग्यविमा, वर विमानाचं तिकीट. 19 डिसेंबर 1961 पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, इथे जन्मलेल्या आजोबांच्या कागदांवर ज्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट काढलाय, त्या घरांची गोष्ट वेगळी. पण शाळेच्या सहलीला आजोबांचे कागद का लागावेत? जोडी जमून तीन वर्षं झाली, आमचं एकही मूल गेलेलं नाही. मग ही जोडी कसली?

यंदा मी त्यांच्या शिक्षिकेला स्पष्ट लिहिलं: भिंत नको, रंगाचे पैसे आणि निधीतला निम्मा वाटा आमच्या चार मुलांच्या प्रवासाला द्या. ती मुलं तुमच्या वर्गात घुमट शिकवतील. त्यांचा होकार आला आहे.

त्या आठवीतल्या मुलाचा पासपोर्टचा अर्ज सोमवारी भरायला बसलो. जन्मदाखल्यावरचं आणि शाळेतलं नाव जुळत नाही. उद्या त्याच्या आईबरोबर पंचायतीत जातेय.