भाकरीत मीठ नसतं

सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्समधलं सँडविचचं छोटं दुकान. काउंटरसमोर आपलीच चार माणसं. एकाला केचप हवंय, दुसऱ्याला मेयॉनीज, आणि तिसरा मराठीत ओरडतोय, "अरे, याला कोणीतरी मीठ-मसाला शिकवा रे!" दुकानदार काही न कळून हसतोय. खाली आपल्या लोकांचे हसणारे इमोजी.

मला हसू आलं नाही.

मी आईला घेऊन त्याच शहरात गेले होते. आई बहात्तर वर्षांची, शाकाहारी. हॉटेलात नाश्त्याला पाव तोंडात घातला आणि म्हणाली, "अगं, हे लोक मीठ घालायला विसरलेत." विसरले नव्हते. तोस्काना, म्हणजे फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे, तिथला रोजचा पाव अळणीच असतो. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे, सांतो स्पिरितो चर्चजवळ, एका वाणसामानाच्या दुकानात शिरलो. तिथे चीज, हॅम तोलून देतात आणि सांगितलं तर पावात भरूनही देतात. मी पाठ केलेले दोन शब्द म्हटले, "सेन्झा कार्ने." मांस नको. म्हाताऱ्या दुकानदाराने आईकडे पाहिलं, हॅमची सुरी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. मेंढीच्या दुधाचं खारट पेकोरिनो चीज आणि तेलात मुरलेली वांगी, एवढंच भरलं. आई एक घास खाऊन थांबली. म्हणाली, "भाकरीत तरी आपण मीठ कुठे घालतो? ठेच्यात असतं की."

तिला ना इटालियन येत, ना इंग्रजी. तरी तिला कळलं. आणि दहा देश फिरून आलेल्यांना कळत नाही? आपल्याकडे भाकऱ्या थापणाऱ्या मावशींसमोर कॅमेरा धरून कुणी पिठल्यावर केचप मागितलं असतं, तर याच ग्रुपने त्याला सोलून काढलं असतं!

हो, महाग असतं. सात युरो दिले की मनात आपोआप रुपये मोजले जातात, माझेही मोजले गेले. आणि पर्यटकांना शिळंपाकं गळ्यात मारणारी दुकानंही असतात, मान्य. पण आपणही तिथे काय करतो? 2018 मध्ये तिथल्या महापालिकेला व्हिया दे नेरी या रस्त्यावर आणि उफिझी संग्रहालयाजवळच्या रस्त्यांवर जेवणाच्या वेळी फुटपाथवर, लोकांच्या उंबऱ्यावर बसून खायला बंदी घालावी लागली. दंड 150 ते 500 युरो. कुणाच्या दारात सँडविच घेऊन बसायचं, तेलकट कागद तिथेच टाकायचे, वर त्यांनाच नावं ठेवायची.

बरं, आता माझी चूक सांगते. पेकोरिनोचं दूध विरजताना बहुतेक वेळा जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात. हे मला घरी आल्यावर कळलं. "कालियो वेजेताले" का, म्हणजे वनस्पतीचं रेनेट आहे का, एवढं विचारायचं होतं, काही ठिकाणी तसं चीज मिळतंही. मी आईला खरं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्याने सुरी बदलली होती गं. विचारायचं आपण होतं." म्हणून म्हणते, विचारा. काय चालत नाही ते दहादा सांगा, त्यात लाज कसली! पण त्याने मनापासून बनवलेल्या घासाची त्याच्याच तोंडासमोर टिंगल कशाला?

दुपारी आईला फोनवर तो व्हिडिओ दाखवला. तिने पूर्ण पाहिला. एवढंच विचारलं, "ते काय बोलत होते ते त्या दुकानदाराला कळत होतं का गं?"

मी पुन्हा लावून पाहिला. शेवटी शेवटी त्याचं हसू गेलंय, मान खाली घालून तो पाव कापतोय.

ग्रुपवर मी अजून काही लिहिलेलं नाही. रात्री लिहिणार आहे. काका रागावले तरी चालतील.