निम्मे लाडू

सत्यनारायणाच्या आदल्या संध्याकाळी मिरजेहून फोन आला, "आम्ही सगळेच येतोय." पन्नासाची पंगत शंभरावर गेली. पन्नास लाडवांचं बेसन भाजून परातीत निवत होतं आणि आई कृष्णाकाठी गणपतीच्या देवळात.

"अहो, आता काय करायचं?"

"निम्मे वळायचे की!"

मी कॉमर्सवाला. निम्मं म्हणजे निम्मं. आईनं नमुन्याला वळलेला लाडू पट्टीवर ठेवला : व्यास 6 सेंमी. पाण्याच्या बाटलीचं झाकण भरलं बरोब्बर 3. ते समोर ठेवून मीच वळायला बसलो. लाडवाला एक बेदाणा हवाच, हा आमच्या घरचा कायदा. तासगाव एवढ्या जवळ असताना त्यात कोण हात आखडणार?

साठाव्या लाडवाला मांडीला मुंग्या आल्या. शंभरावा ठेवला आणि बघतो तर पाऊण परात शिल्लक! बायकोला वाटलं, बेसन चुकून जास्त भाजलं. मला वाटलं, पूजेआधीच देव पावला.

दहावीतली लेक शेजारीच महत्त्वमापन सोडवत होती. (त्या धड्यात कुणी ना कुणी सारखा धातूचा गोल वितळवून शंकू करत असतो. का, ते विचारायचं नाही.) तिनं मान वर न करता निकाल दिला, "घनफळात त्रिज्येचा घन असतो, बाबा. त्रिज्या निम्मी, तर लाडू आठपट. चारशे होणार."

"आणि शंभर हवे असतील तर?"

"व्यास साधारण पावणेपाच."

म्हणजे फक्त सव्वा सेंटीमीटर कमी करायचा होता! शिवाय सगळ्या लाडवांचं मिळून पृष्ठफळ दुप्पट होतं म्हणे, म्हणजे तळहाताला लावायचं तूपही. भास्कराचार्यांनी 1150 साली पृष्ठफळाला व्यासानं गुणून सहानं भागा, गोलाचं घनफळ येतं, असं सांगून ठेवलंय. वळणाऱ्याच्या कमरेचं काय, ते नाही सांगितलं.

"उरलेले मोठे वळू?" मी चाचरत विचारलं.

"एका पंगतीत दोन मापं? मिरजकर वर्षभर बोलतील."

रात्री साडेअकराला चारशेवा वळला. आई तोवर कधीच येऊन झोपली होती. सकाळी तिनं डबा उघडला, एक लाडू तोंडात टाकला आणि जरा वेळ चघळला.

"बेदाणा झकास हाय. लाडू कुठं ठेवलास रं?"