लायटर खिशातच राहू द्या

परवा रात्री भाच्यानं फोटो पाठवला. जॅकेटच्या डाव्या बाहीला मुगाएवढं भोक, भोवती काळी पडून आक्रसलेली कड. पहिल्या वर्षीच्या पगारातून पैसे साठवून धारावीतून आणलेलं जॅकेट. हे कशामुळे? आमच्याच घरच्या ग्रुपवर नानाकाकांनी टाकलेल्या ‘अस्सल लेदर ओळखा’ या फॉरवर्डमुळे. त्यात पहिलंच वाक्य आहे : लायटर लावा, जळलं तर रेक्झिन, नाही जळलं तर अस्सल.

अहो, चामडं जळतं! कातडंच आहे ते. आच लागली की केस जळाल्यासारखा वास येतो आणि कड आकसते. शिवाय बहुतेक जॅकेटांवर रंगाचा नि पॉलिमरचा पातळ थर दिलेला असतो, आधी तोच वितळतो. म्हणजे अस्सल जॅकेटसुद्धा या परीक्षेत खोटं ठरणार आणि भोक मात्र जन्माचं. भाच्याच्या फोटोत भोकाच्या कडेला निळसर करडे तंतू दिसतात. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याची ती खूण. आतल्या खिशाच्या तोंडाशी किंवा चेनच्या पट्टीमागे कापलेली कड शोधली असती, तर हेच तंतू न जाळता दिसले असते. रेक्झिनच्या कडेला बहुधा कापडाचे धागे दिसतात.

पुढे म्हणे, लेबलवर ‘जेन्युइन लेदर’ असलं की माल सर्वोत्तम. त्या शब्दांतून प्रत कळतच नाही. चामडं कशाला म्हणायचं हे आयएसओ १५११५ या आंतरराष्ट्रीय मानकात लिहिलेलं आहे : कातड्याची मूळ तंतुरचना बऱ्यापैकी शाबूत हवी आणि वरचा लेप असला तर सरासरी ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड नको. चामड्याचा चुरा किंवा तुकडे चिकटवून केलेला ताव त्यात बसत नाही. पण कातडं आडवं चिरल्यावर उरणारा खालचा, वरच्यापेक्षा कमकुवत थर बसतो. त्यावर लेप देऊन केलेलं जॅकेटही ‘जेन्युइन’च ठरतं.

मेंढीचं उत्तम आणि म्हशीचं टाकाऊ, हा तिसरा मुद्दा. मेंढीचं मऊ, हलकं, पहिल्या दिवसापासून अंगाला बसतं, हे कबूल. पण त्याचे तंतू सैल असतात, लवकर फाटतं. बकरीचं पातळ असूनही चिवट असतं. दुचाकीवर जायचं असेल तर मिलिमीटरहून जाड गाईचं किंवा म्हशीचं घ्या. जड होईल, पण पडलात तर रस्त्याशी घासणार आहे ते.

आणि शेवटी खोबरेल. ‘पावसाळ्याआधी भरपूर चोळा, बुरशी येणार नाही.’ हे वाचून माझ्या आईनं बाबांचं जुनं तपकिरी जॅकेट तेलाची वाटी घेऊन मांडीवर ओढलं होतं, मी वेळेवर पोचले म्हणून वाचलं. चामड्याला स्निग्धता लागते, एवढं त्यात खरं आहे. पण ती कमावतानाच तंतूंत मुरवलेली असते. वरून ओतलेल्या खोबरेलानं रंग काळवंडतो, चामडं लिबलिबीत होतं, शिवाय धूळ चिकटते. २४ अंशांखाली हे तेल थिजतं, त्यामुळे पुण्याच्या थंडीत पांढुरके डाग उठतात आणि लोक ते बुरशी समजून आणखी तेल चोळतात. स्वेडवर, म्हणजे मखमली पोताच्या चामड्यावर, तर एक थेंबही नको.

बुरशी येते दमटपणानं. भिजलेलं जॅकेट रुंद खांद्याच्या हँगरवर पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा हीटरजवळ नको, कडक होऊन आकसतं. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या सुती चादरीत ठेवा. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी बाहेर काढून कोरड्या फडक्यानं पुसा. वर्षातून एकदोनदा चामड्याचं क्रीम बोटभर, तेही आधी आतल्या बाजूला लावून बघून.

भाच्याचं जॅकेट आज चर्मकारांकडे दिलंय. आतल्या पट्टीतलं चामडं काढून ठिगळ लावू म्हणाले, रंग जुळेल. नानाकाका, तो फॉरवर्ड ग्रुपवरून काढा आणि ज्यांना ज्यांना पाठवलात त्यांना आजच फोन करा.